मुंबई मॅरेथॉनचं चॅरिटी बिब: कुणी घ्यावं, कुणी टाळावं

टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये नेहमीच्या नोंदणीतून जागा मिळाली नाही की बरेच जण चॅरिटी बिबकडे वळतात. बिब म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, थोडक्यात शर्यतीतली जागा. स्वयंसेवी संस्था आपल्या वाट्याची बिबं देतात आणि बदल्यात ठरावीक निधी उभा करायला सांगतात. शर्यत २००४ पासून चालू आहे, निधीसंकलनाची बाजू युनायटेड वे मुंबई सांभाळते, त्यामुळे व्यवस्था चांगली मुरलेली आहे. घोळ होतो तो वेळापत्रकाचा.

जानेवारीत ४२.१९५ किलोमीटर धावायचे तर ३०-३२ किलोमीटरचे लाँग रन डिसेंबरात येतात, आणि नेमके तेव्हाच संस्थेचे ‘किती जमले?’ असे फोन सुरू होतात. सकाळी साडेतीन तास पळून आलेला माणूस संध्याकाळी देणग्या मागत बसत नाही. मग सराव तरी बुडतो, नाहीतर उरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून जाते. म्हणून निम्म्याहून अधिक निधी दिवाळीच्या आत जमवा. बोनसचे दिवसही तेच. आणि कमी पडलेले पैसे कोण भरणार, हे बिब घेण्याआधीच संस्थेकडून लेखी घ्या.

निधीच्या ऑनलाइन पानावर पहिली देणगी स्वतःची, जरा भरीव टाका. पुढचे लोक वरचा आकडा बघून आपला ठरवतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली की अंगठे मिळतात, पैसे नाहीत. एकेकाला नावानिशी, पगाराच्या आठवड्यात विचारा. कंपनी तेवढीच रक्कम स्वतः घालते का, हे एचआरला विचारायला बहुतेक जण विसरतात.

८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकराची, सवलत सांगताना जपून. ती जुन्या करप्रणालीतल्यांनाच मिळते, पॅन लागतो आणि दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही. परदेशातल्या नातेवाइकांचं प्रकरण आणखी नाजूक. न्यू जर्सीतल्या मावसभावाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत; अमेरिकन पासपोर्ट असेल, अगदी ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, ठरतात. मग संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. मोठ्या देणग्या इथेच अडकतात, तेव्हा संस्था निवडतानाच हे विचारा.

संस्थेचा टी-शर्ट ही या पॅकेजमधली सगळ्यात कच्ची बाजू. बऱ्याचदा तो सुती असतो आणि पाठीवर लोगोचा रबरी ठसा असतो. मुंबईच्या दमट हवेत सूत घाम धरून ठेवतं, ठशाखालची हवा कोंडते आणि काखेत, छातीवर सालटं निघतात. हा शर्ट आधी एका १५-१८ किलोमीटरच्या रनला घालून बघा. घासत असेल तर लोगो पातळ कापडावर छापून घ्या आणि आपल्या रोजच्या ड्रायफिट (घाम लवकर सुकवणाऱ्या) शर्टला टाचा. व्हॅसलीन लावाच.

फुल मॅरेथॉनमध्ये परतीचा पेडर रोडचा चढ तीस किलोमीटर उलटल्यावर, उन्हात येतो. ज्याने आधी एकही हाफ मॅरेथॉन केलेली नाही त्याने निव्वळ जागा मिळतेय म्हणून फुलचं चॅरिटी बिब घेऊ नये. निधीचा ताण आणि पहिली फुल एकाच वर्षी झेपणं कठीण. हाफ किंवा दहा किलोमीटरला मात्र हा सौदा उत्तम आहे. मुख्य हेतू संस्थेचा फलक मिरवायचा असेल तर ड्रीम रन पुरे: पाचसहा किलोमीटर, गर्दी मोठी, वेळ नोंदवायचा प्रश्नच नाही.

बिब शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. आधी एक्स्पोला, म्हणजे बिबं वाटतात त्या प्रदर्शनाला, ओळखपत्र घेऊन जावं लागतं. पुण्या-नाशिकहून येणार असाल तर शनिवारी पहाटेची गाडी धरा, दुपारची नको.