पाकिस्तानात बंगाली सत्ता: जर-तरचा फाटा कुठे फोडायचा?

जर-तरचा इतिहास लिहिणाऱ्याला एकसंध पाकिस्तान हा विषय भुरळ घालतो. १९५१ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोक पूर्व बंगालचे (आजचा बांगलादेश) होते, तरी सत्ता पश्चिमेकडच्या नोकरशहा आणि सेनाधिकाऱ्यांच्या हातात राहिली. पण ‘बंगाली पंतप्रधान झाला असता तर?’ हा प्रश्न बाद समजा. नाझिमुद्दीन, मोहम्मद अली बोगरा आणि सुहरावर्दी असे तीन बंगाली पंतप्रधान १९५७ पर्यंत होऊनही गेले. नाझिमुद्दीन यांना एप्रिल १९५३ मध्ये गव्हर्नर जनरलने सरळ घरी पाठवलं. तेव्हा प्रश्न खुर्चीचा नाही, खुर्चीखालची जमीन कुणाची याचा आहे. त्या कसोटीवर तीन फाटे, म्हणजे कथा खऱ्या इतिहासापासून वेगळी वळू शकते अशा तीन जागा, तपासू.

१९४७: अखंड बंगाल

सुहरावर्दी (तेव्हा बंगालचे मुख्यमंत्री), अबुल हाशिम, शरदचंद्र बोस आणि किरणशंकर राय या बंगाली हिंदू-मुस्लिम नेत्यांची स्वतंत्र, अखंड बंगालची योजना. कलकत्ता बंदर, हुगळीकाठच्या गिरण्या आणि पूर्वेकडचा ताग एकाच देशात, त्यामुळे अर्थकारण झकास जमतं. राजकारण मात्र जमत नाही. ऑगस्ट १९४६ च्या कलकत्त्यातल्या कत्तलीनंतर सुहरावर्दींच्या शब्दावर हिंदू आमदार विसंबायला तयार नव्हते, नेहरू-पटेल विरोधात होते आणि ब्रिटिशांच्या ३ जूनच्या फाळणी योजनेत भारत किंवा पाकिस्तान सोडून तिसरा पर्यायच नव्हता. २० जूनला पश्चिम भागातल्या आमदारांनी ५८ विरुद्ध २१ मतांनी फाळणी मागितली. इतकी माणसं फिरवायची तर निम्मी कादंबरी त्यातच जाईल, आणि हाती येईल तो तिसराच देश. पूर्व-पश्चिम अशा दोन तुकड्यांच्या पाकिस्तानातली सत्ता हवी असेल तर इथे थांबू नका.

१९५४-५५: न्यायालयाचा फाटा

याच्याकडे फारसं कुणी वळत नाही, पण माझी पसंती यालाच. बोगरा तोडग्यात, म्हणजे पंतप्रधान बोगरांनी नव्या घटनेसाठी सुचवलेल्या जागावाटपात, कनिष्ठ सभागृहाच्या ३०० पैकी १६५ जागा पूर्व बंगालला होत्या. वरिष्ठ सभागृहात पाच घटकांना (पूर्व बंगाल आणि पश्चिमेचे चार) प्रत्येकी १०, म्हणजे दोन्ही सभागृहं मिळून पूर्व-पश्चिमेला १७५-१७५. सप्टेंबर १९५४ मध्ये संविधान सभेने गव्हर्नर जनरलचे पंखही छाटले. २४ ऑक्टोबरला गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी ती सभाच बरखास्त केली.

सभेचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान, फरीदपूरचे बंगाली, सिंधच्या मुख्य न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये जिंकले. २१ मार्चला फेडरल कोर्टाने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) तो निकाल फिरवला. कारण निव्वळ तांत्रिक: न्यायालयांना रिट (सरकारला बंधनकारक आदेश) काढण्याचा अधिकार देणाऱ्या कलम २२३-अ वर गव्हर्नर जनरलची संमती नव्हती. निकाल ४ विरुद्ध १, विरोधात एकटे न्यायमूर्ती कॉर्नेलियस. दोन न्यायमूर्ती फिरवले की काम झालं. एवढ्या स्वस्तात फाटा दुसरीकडे मिळत नाही.

अडचणी आहेतच. जिवंत झालेल्या सभेतले पूर्वेचे बहुतेक सदस्य मुस्लिम लीगचे, आणि मार्च १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत संयुक्त आघाडीने लीगचा पार धुव्वा उडवलेला. आघाडीलाच नवी सभा हवी होती. म्हणून निकालानंतर थोड्याच काळात निवडणूक दाखवावी लागते, नाहीतर ढाक्यातच कुणी ही सभा मानणार नाही. शिवाय आघाडीचं फजलुल हक यांचं मंत्रिमंडळ मे १९५४ मध्ये कलम ९२-अ खाली बडतर्फ झालेलं, आणि जून १९५५ पर्यंत ढाक्यात गव्हर्नरची राजवट. हे विसरलं की कथानक कोसळतं. सरसेनापती अयुब खान ऑक्टोबर १९५४ पासून संरक्षणमंत्रीही होते. ते गप्प का बसले, याचं उत्तर पहिल्या पन्नास पानांत यायला हवं.

१९७०-७१: मुजीब पंतप्रधान

नाट्य भरपूर. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीनंतर ३१३ जणांच्या सभेत शेख मुजीबूर रहमान यांच्या अवामी लीगचे १६७, म्हणजे स्वबळावर बहुमत, पण पश्चिमेत एकही जागा नाही. जानेवारीत लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांनी मुजीबना भावी पंतप्रधान म्हटलंही होतं. ३ मार्चचं ढाक्यातलं अधिवेशन १ मार्चला पुढे ढकललं गेलं. बहुतेक लेखक ते अधिवेशन होऊ देतात आणि सुटलो म्हणतात.

खरी गोची पुढे आहे. याह्यांच्या कायदेशीर चौकट आदेशानुसार घटना १२० दिवसांत व्हायला हवी, आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची मान्यता हवी. अवामी लीगच्या स्वायत्ततेच्या सहा कलमांनुसार केंद्राकडे फक्त संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार. कर आणि परकीय चलन प्रांतांकडे. म्हणजे मुजीब स्वतःच्याच जाहीरनाम्याने रिकाम्या तिजोरीचे पंतप्रधान होतात, आणि ज्या सैन्याचा पगार प्रांतांनी द्यायचा ते सैन्य हे निमूट सोसतं असं दाखवावं लागतं. माणसांच्या ताणाची कथा हवी असेल तर हाच फाटा घ्या. देश टिकलेला दाखवायचा असेल तर १९५५ घ्या.

तपशिलात दोन ठिकाणी घसरायला होतं. ‘पूर्व पाकिस्तान’ हे प्रांताचं अधिकृत नाव ऑक्टोबर १९५५ पासूनचं. त्याआधीच्या प्रसंगात पूर्व बंगालच लिहा. आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये भारताने आपलं आकाश बंद केल्यावर कराची-ढाका विमानं सिलोनमार्गे जात. तुमचा दूत दुपारच्या जेवणाला कराचीत आणि चहाला ढाक्यात पोहोचत असेल तर वेळापत्रक बदला.