ऑरग्रीव्हच्या जागेवरचं टेक्नॉलॉजी पार्क: अकरा माणसांच्या वर्कशॉपला काय मिळालं?

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा का कापला आणि एक अख्खा का गेला ते सांगते.

आमचं शॉप जॉबवर्कचं आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये, अकरा माणसं, चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मिल, दोन लेथ, आणि एक जुनं मॅन्युअल मशीन जे मालक विकत नाहीत आणि चालवतही नाहीत. मी प्रॉडक्शन बघते. गेल्या वर्षी विमानाच्या सीटखालच्या ब्रॅकेटचं काम आलं. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात खोल पॉकेट, पातळ भिंती. कटर पॉकेटमध्ये उतरला की मशीन अशी किंचाळायची की पलीकडच्या गॅरेजवाल्यानं दोनदा येऊन विचारलं, कोणाला लागलं का म्हणून. भिंतीवर चॅटरचे, म्हणजे कटर थरथरल्याचे, पट्टे, इन्स्पेक्शनला जॉब नापास. त्या त्रासापायी आम्ही रॉदरहॅमच्या हद्दीतल्या अ‍ॅडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग पार्कात पोचलो, म्हणून हा रिव्ह्यू गिऱ्हाइकाचा आहे, पर्यटकाचा नाही.

आधी जागा. एम१ मोटरवेच्या ३३ नंबरच्या जंक्शनवरून शेफील्डकडे वळलं की थोड्याच वेळात हे लागतं. काच, राखाडी पत्रा, नीट कापलेलं गवत, पलीकडे तळी आणि तळ्यांभोवती कुत्रे फिरवणारी माणसं. त्याच्याही पुढे नवी घरं, ओळीनं. सगळ्या वसाहतीचं नाव वेव्हर्ली. इथे कधी काही जळलं असेल असं मनातही येत नाही, आणि ते येऊ नये अशीच बहुधा योजना आहे.

आमच्या शॉपचा सगळ्यात जुना टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, त्या दिवशी माझ्यासोबत होता. पहिल्यांदा जाताना तोच गाडी चालवत होता. त्याचे वडील इथल्या कोक ओव्हनवर होते. वळणावर तो म्हणाला, "हे ऑरग्रीव्ह आहे, लव्ह." (इकडे सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात, त्यात काही नाही.) मी पाटी दाखवली, वेव्हर्ली. तो म्हणाला, पाटी काय, कोणीही लावतं.

ऑरग्रीव्हला आधी कोळशाची खाण होती, ती १९८१ मध्ये बंद झाली. तिच्याशेजारी कोक प्लांट. बंद भट्टीत हवा न लागू देता कोळसा भाजायचा, त्यातला वायू आणि डांबर बाहेर काढायचं, उरलेला कोक पोलादाच्या भट्ट्यांना पाठवायचा. १९८४ च्या खाणकामगारांच्या संपात इथला कोक स्कनथॉर्पच्या पोलाद कारखान्याला जात होता, तो अडवायला कामगार जमले, आणि १८ जूनला पोलिसांनी घोड्यांवरून त्यांच्यात घुसून मारलं. ९५ जणांवर खटले भरले, पुढच्या वर्षी ते कोर्टात कोसळले. १९९१ मध्ये साउथ यॉर्कशायर पोलिसांनी ३९ जणांना मिळून ४,२५,००० पौंड भरपाई दिली. प्लांट त्याच्या आदल्याच वर्षी, १९९० ला, बंद झाला होता.

मागे राहिली ती जमीन. कोक प्लांटची जमीन म्हणजे डांबर, बेंझिन, अमोनिया, सायनाइड. अशा मातीवर कोणी घर बांधत नाही आणि कारखानाही नाही. इथे केलं ते असं: आधी उरलेला कोळसा उघड्या खाणीनं उपसला, दूषित माती हाताळली, मग थर दाबत खड्डे भरले. कोळसा विकून आलेल्या पैशातून जमीन धुवायची. हिशेब म्हणून मला हा प्रकार आवडला. वेळ मात्र लागतो, वर्षांच्या हिशेबात. कुठल्याही जुन्या कारखान्याच्या जागेवर "दोन वर्षांत पार्क उभारू" असं कोणी भाषणात म्हणालं, तर त्याला आधी मातीचा रिपोर्ट मागावा. नव्यानं भरलेली जमीन बसत राहते, आणि मायक्रॉनमध्ये काम करणारी मशीन त्यावर ठेवायची तर पायाचं काम वेगळंच होऊन बसतं.

पार्कातलं मुख्य नाव म्हणजे संशोधन केंद्र, एएमआरसी (अ‍ॅडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग रिसर्च सेंटर). २००१ मध्ये शेफील्ड विद्यापीठानं बोइंगसोबत सुरू केलं. मागे दोघं होते, प्राध्यापक कीथ रिजवे आणि व्यावसायिक एड्रियन अ‍ॅलन. त्यांची कल्पना मला आजही पटते. प्रयोगशाळेत जे चालतं आणि शॉपफ्लोअरवर जे चालतं त्यांच्यामध्ये एक दरी असते. विद्यापीठाला ती ओलांडण्यात रस नसतो, कंपनीला परवडत नाही. म्हणून खऱ्या आकाराच्या मशीन एका छताखाली आणायच्या, कंपन्यांनी वर्गणी भरायची आणि प्रयोग तिथे बिघडवायचे. स्वतःच्या लाइनवर कोण बिघडवून घेईल? हळूहळू बाकीचे आले. रोल्स-रॉईस इथे टर्बाइनची पाती ओतते, एकेक पातं म्हणजे धातूचा एकच स्फटिक, आतमध्ये कणांच्या सीमाच नाहीत. मॅकलारेनचा कार्बन फायबरचा कारखाना २०१८ मध्ये उघडला. शेफील्ड पार्कवे या रस्त्याच्या पलीकडे, बंद पडलेल्या विमानतळाच्या जागेवर, एएमआरसीची फॅक्टरी २०५० ही गोल काचेची इमारत आहे. रस्त्यावरून आतले रोबो दिसतात, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये अडकलं तरी वेळ बरा जातो.

आता आमचं काम. नावं घेत नाही. पार्कातल्या एका केंद्रात आमचं ड्रॉइंग आणि ठोकळे नेले. तिथली मशीन पाच अक्षांची, स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) २४,००० आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. त्या मुलांनी (पंचविशीतली मुलं होती, हुशार, आणि बोलायला गोड) पहिल्याच दिवशी १५,००० वर पॉकेट कापून दाखवलं. आवाज नाही, पट्टे नाहीत. भिंतीवर बोट फिरवलं तर काचेसारखी. मालकांनी तो तुकडा खिशात घातला आणि संध्याकाळी पबमध्ये सगळ्यांना दाखवला.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या मशीनवर तोच जॉब, तोच कटर, किंचाळी पहिल्यासारखीच. आमचा स्पिंडल १२,००० ला संपतो. त्यांची मशीन म्हणजे आमची मशीन नव्हे. यासाठी एक तारा कापला. अशा पार्कात सगळं चालतं, कारण तिथे सगळं आहे. पातळ भिंत कापून दाखवणं सोपं, ती आमच्या खोलीत, आमच्या थकलेल्या बेअरिंगवर कापून दाखवणं ही खरी सेवा. ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

मागितल्यावर मात्र मिळाली. त्यातली एक मुलगी सूटकेस घेऊन आमच्याकडे आली. सूटकेसमध्ये एक लहान हातोडी, मधमाशीएवढा सेन्सर आणि लॅपटॉप. कटर आमच्याच होल्डरमध्ये, आमच्याच स्पिंडलला लावून तिनं सेन्सर टोकाला चिकटवला आणि हातोडीनं टिचकी मारली. घंटा वाजवून ती कुठल्या सुरात वाजते ते बघतात, तसंच. आकडा आला ५६० हर्ट्झच्या आसपास. तीन दातांचा कटर. तिनं कागदावर लिहिलं: ५६० गुणिले ६० भागिले ३, म्हणजे ११,२०० आरपीएम.

आम्ही ९,००० वर चालवत होतो आणि किंचाळलं की ७,००० वर आणत होतो. शॉपमधला प्रत्येक माणूस हेच करतो, आवाज आला की वेग कमी. ती सांगत होती वाढवा. टर्नरनं हाताची घडी घातली. ११,२०० वर आकडा टाकला, कट सुरू झाला, आणि आवाज गेला. नुसती शिट्टीसारखी घरघर. पूर्वी दोन मिलिमीटर खोलीवर रडणारा कटर पाच मिलिमीटर घेत होता. कंपनाच्या तालात दात बसले की प्रत्येक दाताला आधीच्या दातानं सोडलेली लाट सारख्याच जाडीत मिळते आणि थरथर वाढत नाही, असं तिनं समजावलं. टर्नर म्हणाला, चाळीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. तिच्यावर नाही, स्वतःवरच रागावला होता.

एवढ्याशा हातोडीसाठी हे पार्क मला आवडलं. काचेची इमारत नसती तरी चाललं असतं.

शिकाऊ मुलांचं केंद्रही पार्कातच आहे. आमच्यासारखी लहान कंपनी शिकाऊ ठेवते तेव्हा प्रशिक्षणाच्या खर्चाचे पाच टक्के आपले, बाकी सरकारचे, असा आम्ही घेतला तेव्हा नियम होता. पगार अर्थात आपलाच. आमची शिकाऊ मुलगी पहिलं वर्ष बहुतेक तिथेच होती. परत आली तेव्हा तिला ड्रॉइंग वाचता येत होतं आणि फाइल (कानस) धरता येत होती. हे दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अर्धा तारा गेला कागदांपायी. पार्काकडून मिळालेली ही मदत अनुदानातून व्हायची होती. ज्या कार्यालयानं ते द्यायचं होतं, त्यानं "आपल्या नावीन्याचा प्रादेशिक परिणाम" या विषयावर आम्हाला पानंच्या पानं लिहायला लावली. आमचं नावीन्य एवढंच की ब्रॅकेट किंचाळू नये. पैसे आले तोवर पहिली ऑर्डर जाऊन चुकली होती.

टर्नरच्या पोटात मात्र वेगळंच आहे. तो म्हणतो, बापाच्या वेळी गेटवर उभं राहिलं की काम मिळायचं, आता गेटवर टॅब्लेट असतो. त्याचं सगळं मला पटत नाही. त्याच्या वडिलांची छाती त्या कामानं गेली, हे तोच सांगतो. पण त्या दिवशी रिसेप्शनच्या टॅब्लेटवर "कुठून आलात" या चौकटीत त्यानं कंपनीचं नाव न लिहिता ऑरग्रीव्ह लिहिलं. बिल्ला तसाच छापून आला, आणि दिवसभर कोणी काही विचारलं नाही.

जाणार असाल तर: ड्रॉइंग न्या, जॉबचा बिघडलेला तुकडा न्या, चांगला नको. पहिल्याच बैठकीत तुमच्या मशीनचा स्पिंडल किती आरपीएमचा आहे ते सांगून टाका. आणि हातोडीवाली व्यक्ती तुमच्या शॉपमध्ये कधी येईल, ते त्यांच्या मशीनवरचा सुंदर तुकडा बघायच्या आधी विचारा.