सीडीसी ऑस्टेन्सन जव: तीन हंगाम पेरून पाहिल्यावर

आमचं गाव माण तालुक्यात. घरी शाळू नि बाजरी, जव फक्त पूजेपुरतं पाहिलेलं. आता मी कॅनडात, अल्बर्टातल्या लकोंबच्या बाजूला, एका म्हाताऱ्या मालकाची १६० एकर खंडाने करतो आणि थंडीत ट्रक चालवतो. १६० पैकी साठ-सत्तर एकर दरवर्षी जव, बाकी कनोला आणि वाटाणा. इथली जमीनही काळीच, पण आपल्या काळीसारखी उन्हाळ्यात भेगाळत नाही. गवताच्या मुळ्या शेकडो वर्षं कुजून ती काळी झालीय, हातात घेतली की भुसभुशीत लागते.

२०२१ पासून तीन हंगाम मी एकच वाण पेरलं, सीडीसी ऑस्टेन्सन. सीडीसी म्हणजे सॅस्काटूनच्या विद्यापीठातलं क्रॉप डेव्हलपमेंट सेंटर, वाण त्यांचं. वसंतात पेरायचं, दोन ओळींच्या ओंबीचं, सालीसकट दाण्याचं आणि गुरांच्या खुराकासाठी. बिअरवाल्यांसाठी नव्हे, हे आधीच सांगतो. माल्टचं जव पेरलं की प्रोटीन वाढलं म्हणून नापास, दाणा बारीक राहिला म्हणून नापास, कापणीआधी पावसात कोंब आला म्हणूनही नापास. नापास झालेला माल शेवटी खुराकाच्याच भावात जातो. माझ्यापासून बारा किलोमीटरवर गुरं पोसणारा एक जण आहे. तो वजन बघतो, ओल बघतो, हातात मूठभर घेऊन वास घेतो. बस. मग आधीपासूनच खुराकाचं वाण का पेरू नये?

पहिल्या वर्षी चूक माझीच झाली. शेजारी म्हणाला, एकरी दोन बुशेल टाक, सगळे तेवढंच टाकतात. जवाचा बुशेल ४८ पौंडांचा, म्हणजे ९६ पौंड झाले. पण या वाणाचा दाणा टपोरा असतो आणि दाणा जड असला की तेवढ्याच वजनात बिया कमी येतात. विकणाऱ्याने हजार दाण्यांचं वजन पिशवीवर लिहिलंच नव्हतं, मी विचारलंही नाही. रोपं विरळ उगवली. मग प्रत्येक रोपाने मोकळ्या जागेत फुटवे काढत राहायचं ठरवलं, आणि कापणीच्या वेळी एक ओंबी पिवळी, तिच्या शेजारची हिरवी. त्यात २०२१ चा दुष्काळ. एकरी ४६ बुशेल आले. फोनवर आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "बुशेल-फिशेल मला सांगू नकोस, क्विंटल किती?" दहा. "मग आपल्या शाळवानं काय पाप केलं होतं?"

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मुलीला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर हजार दाणे मोजले. ती तीनशेवर कंटाळली, उरलेले मी. स्वयंपाकाच्या काट्यावर वजन भरलं ४९ ग्रॅम. चौरस फुटाला चोवीस रोपं हवीत आणि शंभरातल्या पंच्याऐंशी बिया जगतील असं धरून हिशेब केला, तर एकरी १३३ पौंड निघाले, म्हणजे साठ किलो. शेजारी हसला. मे महिन्यात वाफसा येताच तेवढंच पेरलं. शेत एकसारखं उगवलं, एकसारखं पिकलं, आणि एकरी ९४ बुशेल पडले. आप्पांच्या भाषेत वीस क्विंटल. "खत किती घातलंस?" एवढंच विचारून ते गप्प बसले. ही आमच्याकडची शाबासकी.

या वाणाचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे काड. त्याच वर्षी जुलैअखेरीस रात्री वाऱ्यासकट पाऊस झोडपून गेला. सकाळी शेजाऱ्याचं माल्टचं जव रस्त्यापासून तळ्यापर्यंत लोळलेलं. माझं वाकलं आणि दुपारपर्यंत परत उभं राहिलं. फक्त एक कोपरा झोपला, जिथे मालकाने पूर्वी शेणखताचा ढीग लावला होता. तिथे नत्र जास्त झालं, कुठलंही वाण झोपलंच असतं.

आता तक्रारी. कुसळं खरखरीत आहेत. कापणीच्या दिवशी धूळ मानेत शिरली की दोन दिवस अंघोळ करूनही खाज जात नाही. मुरघास करायचा असेल तर मऊ कुसळाचं किंवा बिनकुसळाचं वाण बघा, गुरांच्या तोंडाला बरं. दुसरं म्हणजे स्काल्ड. आमच्या भागात जून थंड आणि ओला गेला की ही बुरशी पानांवर भाजल्यासारखे फिकट डाग पाडते, कडा तपकिरी. २०२३ ला एका तुकड्यात मी हावरटपणा करून जवावर जवच घेतलं. धसकटांमधली बुरशी तयारच बसली होती. वरचं पान वाचवायला फवारणी करावी लागली, आणि तरी तो तुकडा मागे पडला. त्या वर्षी सरासरी ८७ बुशेल. दोष वाणापेक्षा माझाच, पण या वाणाच्या भरवशावर फेरपालट टाळू नका.

कापणीला थोडा धीर धरा. दाण्याची ओल १४.८ टक्क्यांच्या आत आली तरच माल कोरडा धरतात. वर गेलात की वाळवणीचा खर्च आला. आणि भाव नुसत्या अल्बर्टाच्या पावसावर ठरत नाही. दक्षिणेला लेथब्रिजकडे गुरांचे मोठे गोठे आहेत, जव महागलं की ते रेल्वेने अमेरिकेचा मका आणतात. दुष्काळानंतर तेच झालं. म्हणून मी निम्मा माल पेरणीआधीच बोलून ठेवतो.

बायकोने एकदा हौसेने पाच किलो दळून भाकऱ्या थापल्या. साल दाण्याला चिकटलेली असते, मळणीतही सुटत नाही. पहिला घास तोंडात घेऊन मुलगी म्हणाली, "बाबा, यात खरंच काड्या आहेत." उरलेलं पीठ शेजाऱ्याच्या डुकरांना गेलं. यंदाही मी हेच पेरणार, पंच्याहत्तर एकर. तुकडे मात्र सगळे वाटाण्यानंतरचे.