दांडीचं मीठ सत्याग्रह स्मारक : एका मोर्चेवालीचं परीक्षण

आधी निकाल सांगते, मग कारणं. पाचपैकी चार तारे. मी नाशिक जिल्ह्यातली अंगणवाडी सेविका. संघटनेत माझ्याकडे प्रेसनोटा, फलकांवरचा मजकूर आणि मोर्चात पुढच्या रांगेत कोण चालणार याची जबाबदारी आहे. त्यामुळे नवसारीजवळच्या या स्मारकाकडे मी पर्यटक म्हणून बघूच शकले नाही. सापुतारा, वांसदा करत आम्ही चौघी गाडीने गेलो. बाकीच्या तिघी समुद्र बघायला आल्या होत्या. तो गढूळ आहे, अपेक्षा ठेवू नका.

स्मारक 30 जानेवारी 2019 ला सुरू झालं. आराखड्याचं काम आयआयटी मुंबईने सांभाळलं आणि गांधीजींचा मोठा पुतळा आपल्या सदाशिव साठेंचा. पण माझे तीन तारे त्या मोठ्या पुतळ्याला नाहीत, त्या 80 माणसांना आहेत. सत्याग्रहींचे माणसाएवढ्या उंचीचे पुतळे, एकामागे एक चालणारे. त्यांच्या कडेने रांगेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सावकाश चालत जा. आमच्यातली मदतनीस ताई दोन पुतळ्यांच्या मध्ये उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "काढ फोटो, मीपण निघाले." फोटोत ती खरोखर त्या रांगेतलीच वाटते. चौथऱ्यावर चढवलेल्या पुतळ्याबरोबर असा फोटो येत नाही.

ही रांग मुळात बघितली जावी म्हणूनच बांधलेली होती, हे मोर्चे काढणाऱ्याला लगेच कळतं. 12 मार्च 1930 ला गांधीजींबरोबर साबरमतीहून निघाले ते निवडलेले 78 जण; दोघे पुढे वाटेत मिळाले, म्हणून पुतळे 80. हजारो लोक यायला तयार असताना फक्त आश्रमातले घेतले, कारण वाटेत कुणी दगड उचलणार नाही याची खात्री त्यांच्याबद्दलच देता येत होती. त्यात निरनिराळ्या प्रांतांतले, मुसलमान, ख्रिस्ती, दलित. आश्रमात भजनं शिकवणारे आपले पंडित नारायण मोरेश्वर खरेही होते. सगळ्यांची नावं गांधीजींच्या 'यंग इंडिया' साप्ताहिकात आधीच छापून टाकली. पोलिसांना यादी घरपोच! लपवायचं काहीच नाही, हे दाखवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही. आम्ही मोर्चाची परवानगी मागताना पदाधिकाऱ्यांची नावं देतो, तेव्हासुद्धा दोघी-तिघी कुजबुजतात की माझं नको लिहूस.

वाटेतल्या गावांनाही आधीच निरोप गेले होते. जेवण साधं ठेवा, गोडधोड नको. शिवाय गावाची माहिती तयार ठेवा: लोकसंख्या किती, चरखे किती, शेतसारा किती, मीठ किती लागतं. म्हणजे सभेत उभं राहिलं की आकडे त्याच गावचे. आम्ही तालुक्याच्या सभेला जाताना थकलेल्या मानधनाचे आकडे त्याच तालुक्याचे नेतो, जिल्ह्याचे नाही. जिल्ह्याच्या आकड्यांना लोक माना डोलावतात. आपल्या गावचा आकडा आला की उठून बोलायला लागतात.

स्मारकात तळ्याच्या कडेने यात्रेतले प्रसंग दाखवणारी 24 शिल्पचित्रं आहेत. ती बघण्याआधी भाटगावचा प्रसंग डोक्यात ठेवून जा. 29 मार्चला मुक्काम भाटगावला होता. रात्रीच्या चालीत उजेडासाठी किटसनची मोठी बत्ती आणलेली, ती एका मजुराच्या डोक्यावर, आणि त्याला पाय उचल म्हणून घाई केली जात होती. दूध-भाजी सुरतेहून मोटारीने येत होती. हे गांधीजींच्या लक्षात आलं. आमच्याकडे असं काही झालं असतं तर काय केलं असतं? ग्रुपवर 'कृपया बाहेर बोलू नये' असा निरोप, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी व्हिडिओ फोडलाच असता. गांधीजींनी त्याच संध्याकाळी भर सभेत स्वतःच्या माणसांची आणि स्वतःची कानउघाडणी केली. व्हाइसरॉयला 2 मार्चला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याचा पगार काढला होता: महिना 21,000 रुपये, दिवसाला 700 च्या वर, आणि आपल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहून कमी. मग गरिबाच्या डोक्यावर बत्ती ठेवून चालणाऱ्यांनी ते पत्र कोणत्या तोंडाने लिहिलं, असा त्यांचा सवाल होता. हे विरोधकाने छापण्याआधी त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. हिशोबी होतं की मनापासून, असं बरोबरच्या एकीने विचारलं. माझ्या मते दोन्ही. आणि दोन्ही असलं म्हणून काही बिघडत नाही.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, बाई पुतळ्यांचं सोडून इतिहासच सांगतेय. पण हे माहीत नसेल तर ती जागा म्हणजे बाग, तळं आणि सेल्फी. खारं पाणी आटवून चिमूटभर मीठ करायचा एक कोपरा आहे, मुलांना तो आवडतो.

मैत्रिणीने सगळे पुतळे बघून झाल्यावर विचारलं, "यात बाई कुठंय?" नाही. यात्रेच्या तुकडीत बायका घेतल्याच नव्हत्या. बायकांवर सरकार हात टाकणार नाही, मग त्यांना पुढे करणं म्हणजे आडोसा घेण्यासारखं, असा गांधीजींचा विचार. बायकांना तेव्हाही तो पटला नव्हता. कमलादेवी चट्टोपाध्यायांनी पुढे मुंबईत मीठ विकून दाखवलं. आमच्यासारख्या, जिथे सगळी फौजच बायकांची, त्यांना हा निर्णय अजूनही खटकतो. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला, त्यात कितीतरी आदिवासी बायका होत्या. फोड आलेले, सालं निघालेले पाय सगळ्या देशाने बघितले. त्याच मोर्चाने दहावीच्या मुलांची परीक्षा म्हणून सोमय्या मैदानातून आझाद मैदानापर्यंतची शेवटची चाल रात्रीच उरकली. एरवी मोर्चाच्या नावाने बोटं मोडणारी मुंबई पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आली. दांडीच्या रांगेजवळ उभी असताना मला तो रात्रीचा निर्णयच आठवत होता.

आता कापलेला तारा. मोठ्या पुतळ्यावर 40 मीटर उंच उलट्या व्ही-सारखा सांगाडा आहे, त्यावर मिठाचा खडा म्हणून काचेचा घन आणि त्याला लेझरचा प्रकाश. वीज सौर पॅनलवर येते, कबूल. तरी भाटगावच्या बत्तीचा प्रसंग वाचून आलेल्या माणसाला हा थाट जरा जास्तच वाटतो. माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं. आमच्या गाडीत तीन विरुद्ध एक असंच होतं.

दुपारी जाऊ नका, ऊन चांगलंच भाजतं. सैफी व्हिला चुकवू नका. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंचं हे घर. 5 एप्रिलला गांधीजी इथे उतरले आणि त्याच दिवशी बाहेरच्या जगासाठी त्यांनी एका ओळीचा संदेश इंग्रजीत लिहून दिला: बळाविरुद्ध हक्काच्या या लढ्यात मला जगाची सहानुभूती हवी आहे. अशी एका ओळीची प्रेसनोट मला अजून जमलेली नाही. आमची दोन पानांखाली कधी येत नाही, कारण प्रत्येक पदाधिकाऱ्याचं नाव घालावं लागतं.

तिथून कराडी जवळच आहे. गांधीजींना तिथल्या झोपडीतून 4 मेच्या मध्यरात्रीनंतर उचललं. दिवसा उचललं असतं तर गर्दी जमली असती, कॅमेरे आले असते. आगगाडीतूनही बोरिवलीला उतरवून पुढे मोटारीने येरवड्याला नेलं. प्रतिमेची काळजी सरकारलाही होतीच; तरी बोरिवलीला परदेशी पत्रकार हजर होतेच.

हातात वेळ असेल तर परतताना वलसाडच्या बाजूने धारासणा करून या, दांडीपासून दक्षिणेला साधारण 40 किलोमीटर. 21 मे 1930 ला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सुमारे 2,500 स्वयंसेवक तिथल्या मिठागरावर गेले आणि लाठ्या खात राहिले. मार चुकवायला एकानेही हात वर केला नाही, हे युनायटेड प्रेसच्या वेब मिलरने डोळ्यांनी पाहून जगाला कळवलं. आम्ही गेलो तेव्हा अंधार पडत आला होता आणि घाटातून परतायचं होतं, म्हणून धारासणा राहिलं. पुढच्या खेपेला पहाटे निघणार आहोत, डबा घरूनच.