जुन्या हिमालयनचे पुढचे शॉकअप: नवी स्प्रिंग, इम्युलेटर आणि मधला पावसाळा

गाडी 2016 ची रॉयल एनफिल्डची हिमालयन. एमएच-03 पासिंग, बीएस-3, कार्ब्युरेटरवाली, एबीएस नसलेली. पुढचे शॉकअप आतून बदलून घेतले ते उन्हाळ्यात. मधे अख्खा पावसाळा गेला आणि आता थंडीत, म्हणजे मुंबईत जिला थंडी म्हणतात तिच्यात, हे लिहितोय. मित्रमंडळी भेटली की पहिला प्रश्न एकच, "मऊ झाली का रे?" नाही झाली. उलट पार्किंगमध्ये उभी असताना हँडल दाबून बघितलं तर आधीपेक्षा कडक लागते. तरीही खड्ड्यांतून आधीपेक्षा बरीच शहाण्यासारखी जाते. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे कळलं, की या कामावर पैसे घालायचे की नाही ते तुमचं तुम्हीच ठरवू शकाल.

मूळ फोर्क, म्हणजे पुढच्या शॉकअपची जोडी, वाईट होता अशातला भाग नाही. 41 मि.मी.चे साधे टेलिस्कोपिक पाइप, 200 मि.मी. ट्रॅव्हल, म्हणजे दबायची एकूण लांबी, पुढे 21 इंची चाक. त्या काळी त्या पैशांत एवढं मिळणं ही मोठीच गोष्ट होती. पण स्प्रिंग वर्षानुवर्षं दबून बसते, ऑइल पातळ आणि काळं होतं, आणि मीही काही 2016 साली होतो तेवढ्या वजनाचा राहिलेलो नाही. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून पंचाण्णवच्या आसपास भरतो. वर क्रॅश गार्ड, जादा दिवे, टँकवरची बॅग. पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की गाडी नमस्कार घालायची.

नुसत्या जाणिवेवर पैसे खर्चायचे नव्हते म्हणून आधी मोजून बघितलं. तुम्हीही हे करा, फुकट आहे. गेटर, म्हणजे पाइपवरचं रबरी आवरण, वर सरकवून पाइपला सीलला (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याला) लागून एक केबल टाय बांधायची. बॉटम केस, म्हणजे शॉकअपचा खालचा जाड भाग, वर चढली की टायला ढकलत नेते. फेरी मारून आल्यावर पुढचं चाक अधांतरी करून सील ते टाय हे अंतर मोजलं की किती ट्रॅव्हल वापरला ते समजतं. मुलुंड चेकनाक्यावरून एलबीएस रोडने कांजूरपर्यंत, मेट्रोच्या कामाने उखडलेल्या रस्त्यावरून साधा जाऊन आलो, तर टाय जवळजवळ शेवटापर्यंत गेलेली. डोंगर नाही, दगड नाही, ऑफिसचा रस्ता! मग सॅग मोजला. चाक हवेत असतानाची लांबी आणि पूर्ण तयारीनिशी गाडीवर बसल्यावरची लांबी यातला फरक. साधारण नियम असा की तो एकूण ट्रॅव्हलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत हवा, म्हणजे 200 ला साठ-पासष्ट मि.मी. माझा ऐंशीच्या पुढे होता. थोडक्यात, खड्डा यायच्या आधीच बराचसा शॉकअप खर्च झालेला असायचा.

इथे थोडं आत डोकवावं लागेल. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांचे फोर्क डॅम्पर रॉडवाले असतात. एका नळीला भोकं, त्यातून ऑइल ढकललं जातं, झालं डॅम्पिंग. स्वस्त, टिकाऊ, कुणालाही उघडता येईल असं. फक्त भोकाचा स्वभाव विचित्र आहे. ऑइलचा वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. ब्रेक मारताना फोर्क हळू दबतो, तेव्हा भोकातून ऑइल आरामात निघून जातं आणि गाडी नाक खाली घालते. खड्ड्याची धारदार कड लागली की फोर्क झटक्यात दबायला बघतो, तेव्हा तेच भोक ऑइल जाऊ देत नाही आणि धक्का सरळ मनगटात येतो. जिथे विरोध हवा तिथे नाही, जिथे नको तिथे भरपूर. जाड ऑइल घालून हे सुटत नाही. नाक कमी घालते, पण कडा जास्त लागतात.

इम्युलेटर म्हणजे डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसणारा छोटा व्हॉल्व्ह. मुख्य स्प्रिंगच त्याला दाबून धरते. हळू हालचालीत ऑइल त्याच्या बारीक छिद्रातून जातं, जोराचा धक्का आला की व्हॉल्व्हच्या स्वतःच्या छोट्या स्प्रिंगवरची चकती उचलली जाते आणि वाट मोकळी होते. रेसटेकचे असे इम्युलेटर जगभर वापरले जातात, थायलंडच्या वायएसएसचे पीडी व्हॉल्व्हही याच जातीचे. तत्त्व एकच, त्यामुळे ब्रँडवरून भांडण्यात मला रस नाही. मी इम्युलेटरसोबत माझ्या वजनाच्या हिशेबाने जास्त रेटच्या, म्हणजे जास्त कडक, स्प्रिंग घेतल्या. दोन्हींत आधी कुठली घेऊ असं कुणी विचारलं तर स्प्रिंग. स्प्रिंग चुकीची असेल तर व्हॉल्व्ह कितीही भारी असला तरी तो चुकीच्या जागी काम करत बसतो.

काम कांजूरच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे केलं. बॉटम केसच्या बुडाचा अ‍ॅलन बोल्ट इम्पॅक्ट गनशिवाय सुटत नाही, आतला रॉडच बोल्टसोबत गरगर फिरत राहतो. खरी मेख पुढे आहे. डॅम्पर रॉडची खालची कॉम्प्रेशनची भोकं मोठी करावी लागतात, जादा पाडावी लागतात, साधारण 8 मि.मी.ची, कारण आता ऑइल अडवायचं काम वरच्या व्हॉल्व्हचं. मिस्त्री ड्रिल हातात घेऊन थांबले. "दादा, एकदा भोक पडलं की परत मागे नाही येता येणार हां. जुने रॉड तसेच ठेवा, दुसरे आणा." पटलं. स्टॉक रॉडची दुसरी जोडी मागवली आणि तिला भोकं पाडून घेतली. भोकाची आतली धार कानस आणि पॉलिश पेपरने पूर्ण गुळगुळीत केली, नाहीतर लोखंडाचा कीस ऑइलमध्ये फिरत राहतो आणि बुश खातो. सोबत ऑइल सील, डस्ट सील, बुश आणि बुडाच्या बोल्टची तांब्याची वॉशर नवी. फोर्क उतरवलाच आहे तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, तपासून ग्रीसही. त्यात खड्डे पडले असतील तर फोर्कवर कितीही खर्च करा, हँडल मधोमध अडकल्यासारखंच वाटणार.

ऑइलबद्दल दोन शब्द. डब्यावरच्या 10डब्ल्यू, 15डब्ल्यू या आकड्यांवर फार विसंबू नका. एका कंपनीचं 10 दुसरीच्या 15 च्या जवळ जाऊ शकतं. डेटाशीटवर 40 अंशांना सेंटीस्टोक (ऑइलच्या जाडीचं माप) किती ते बघा, तुलना त्याचीच होते. इम्युलेटर फक्त दबण्यावर ताबा ठेवतो. परत वर येणं, म्हणजे रिबाउंड, अजूनही रॉडच्या भोकांवर आणि ऑइलच्या जाडीवर अवलंबून असतं. स्प्रिंग कडक केली म्हणजे ती जास्त जोराने उसळणार, म्हणून ऑइल स्टॉकपेक्षा थोडं जाड. थोडंच. फार जाड घातलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत फोर्क वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते.

आणि ऑइल लिटरमध्ये मोजून ओतू नका, पातळी मोजा. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर. मिस्त्रींकडे यासाठी देशी जुगाड आहे: जनावरांच्या औषधाची मोठी सिरिंज, तिला बारीक नळी, नळीवर हव्या त्या मापाला रबराचं बूच. ऑइल थोडं जास्त ओतायचं, बूच पाइपच्या कडेवर टेकवायचं आणि ओढायचं. नळीच्या टोकाखाली ऑइल गेलं की सिरिंजमध्ये हवा येते, पातळी आपोआप जमते. दोन्ही पायांत काडीचा फरक राहत नाही.

किटसोबत आलेला कागद मात्र अगदीच कामचलाऊ. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला दोन फेरे द्या म्हणून सांगतो. कुठल्या वजनाला, कुठल्या रस्त्याला, काही नाही. त्या सेटिंगवर पूर्व द्रुतगती मार्गावर गाडी रुळावर असल्यासारखी चालली, पण उड्डाणपुलांचे जॉइंट टक-टक करत हाताला लागायचे. अर्धा फेरा कमी केला, ते गेलं. हवेची जागा 10 मि.मी.ने कमी केली, म्हणजे ऑइल तेवढं वर आणलं, तेव्हा शेवटच्या टप्प्यात आदळणं थांबलं. अडकलेली हवा दबली की तीच स्प्रिंगसारखी काम करते, आणि तेही अगदी शेवटाला, जिथे गरज असते. हे सगळं करायला दर वेळी वरचं झाकण उघडा, स्प्रिंग काढा, वाकवलेल्या तारेने व्हॉल्व्ह वर ओढा. बाहेरून फिरवायची एकही कळ नाही. ज्याला धीर नाही त्याने या भानगडीत पडू नये. बसवून दिलं आणि विसरून गेलात तर निम्मेच पैसे वसूल होतील.

आता रस्त्यावर. सर्वांत मोठा फरक ब्रेकिंगला. वजन पुढे येतं तेवढंच येतं, ते काही स्प्रिंग अडवत नाही. पण ते एकदम कोसळत नाही, टप्प्याने येतं. एबीएस नसलेल्या गाडीवर पावसात याची किंमत वेगळी आहे. घोडबंदर रोडवर पुढचा टेम्पो अचानक थांबला की आधी दोन बोटांनी घाबरत घाबरत ब्रेक धरायचो. आता टायर जमिनीला बसलाय हे हँडलमधून कळतं आणि मग दाब वाढवता येतो.

डांबर संपतं तिथे दुसरा फायदा. बदलापूरहून बारवी धरणाच्या बाजूने मुरबाडला जाताना, किंवा भंडारदऱ्याकडून रतनवाडी-साम्रदच्या दगडगोट्यांत उभं राहून चालवताना, पुढचं चाक आधी प्रत्येक मोठ्या दगडावर बाजूला पळायला बघायचं. आता दगड चढतं, उतरतं, आणि ओळ सुटत नाही. मनगटं संध्याकाळी शाबूत असतात. केबल टाय पुन्हा बांधून बघितली. साम्रदच्या वाटेवरही शेवटचे दोनेक बोटं ट्रॅव्हल शिल्लक होता.

शहरात मात्र फायदा-तोटा जवळपास बरोबरीत. तीस-चाळीसच्या वेगात खड्डा लागला तर नक्की चांगलं. पण गल्लीतले वर-खाली झालेले पेव्हर ब्लॉक, दहा-पंधराच्या वेगात, आधीपेक्षा जास्त जाणवतात. मागे बसणारीने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "एवढे पैसे घालून काय बदललं?" तिच्या जागेवरून खरंच काही बदललेलं नाही. शिवाय सॅग कमी झाल्यामुळे नाक थोडं वर राहतं, त्यामुळे सिग्नलच्या गर्दीत हँडल किंचित आळशी झालं होतं. पाइप क्लॅम्पमधून 5 मि.मी. वर सरकवले, बरं वाटलं. दोन्ही बाजू पट्टीने मोजून करा, अंदाजाने नको.

पावसाळ्याने एक सील घेतली. कारण किट नव्हे, मुंबईची हवा. गेटर चिखल अडवतात खरे, पण खारट ओलही आतच कोंडून ठेवतात. डाव्या पाइपवर गेटरखाली गंजाचा एक बारीक ठिपका उठला होता, सुईच्या टोकाएवढा, बोटाने जाणवेल न जाणवेल असा. सीलची कड त्याच्यावरून रोज जायची, फाटली. ठिपका बारीक पेपरने घासून सपाट केला, सील बदलली, अजून तरी कोरडी आहे. आता पावसात दर काही दिवसांनी गेटर वर करून पुसतो. नुसती माती अडकून गळत असेल तर सील लगेच बदलू नका. जुन्या एक्स-रे फिल्मचा तुकडा आकड्यासारखा कापून सीलच्या कडेतून फिरवला तर अनेकदा तेवढ्यावर भागतं.

"त्यापेक्षा 450 चा यूएसडी टाकायचा ना!" हा सल्ला देणारे भरपूर भेटतात. यूएसडी म्हणजे उलटा बसवलेला फोर्क, जाड भाग वर आणि पाइप खाली. नव्या हिमालयनचा शोवाचा 43 मि.मी.चा फोर्क उत्तमच आहे. पण ट्रॅव्हल तोही 200 मि.मी.च देतो. त्यासाठी क्लॅम्प, एक्सल, कॅलिपर, सगळ्यांची जुळवाजुळव करा, लेथवाल्याकडे खेटे घाला, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ गाडीत असे बदल करण्यावर बंधनं आहेत ती वेगळीच. दहा वर्षांच्या गाडीला हा व्याप मला झेपणारा नाही. माझं सगळं काम, जादा रॉड आणि मजुरी धरून, वीस हजारांच्या आत बसलं.

वजन सत्तरच्या आत असेल आणि गाडी मुख्यतः अंधेरी-ठाणे अशी चालत असेल, तर आधी फक्त ताजं ऑइल, नव्या सील आणि कोनसेट करून बघा. हजार-दोन हजारांत बरंचसं दुखणं जातं. ज्यांचं माझ्यासारखं, त्यांनी मागच्या शॉकअपचाही खर्च मनात धरून ठेवावा. पुढचं टोक नीट झालं आणि 180 मि.मी.वाल्या मागच्या मोनोशॉकचं वय उघडं पडलं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आगाऊ दाब, शेवटापर्यंत चढवूनही मोठ्या उंचवट्यावरून उतरताना मागचं चाक दोनदा झुलतं. त्याची स्प्रिंग मागवली आहे, पुढच्या पावसाच्या आत बसवायची आहे.