सेइको ६३०९-७०४०: आठ महिन्यांच्या वापरानंतर

१९७६ ते १९८८ या काळातलं सेइकोचं हे १५० मीटर खोलीसाठीचं डायव्हिंग घड्याळ दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ते न बदललेलं. नकली सुट्या भागांचा इतका सुकाळ आहे की डायल, काटे, काच, बेझलची (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची) पट्टी सगळं नवं बसवलेलं घड्याळही ‘ओरिजिनल’ म्हणून बिनदिक्कत खपतं. म्हणून एकच खूण पाहून भुलू नये. खुणा एकमेकींशी जुळतात का, ते पाहावं.

सुरुवात मागच्या झाकणापासून. त्यावर लाटेचं चित्र, मॉडेल क्रमांक आणि सहा अंकी अनुक्रमांक असतो. पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी शून्य (किंवा ओ), एन आणि डी. मेख अशी की दशक कुठेच लिहिलेलं नसतं. ९, ० ते ५ यांपैकी अंक असेल तर प्रश्न नाही, कारण उत्पादनाच्या काळात तो एकदाच येतो. ६, ७ आणि ८ मात्र दोनदा येतात: ७ म्हणजे १९७७ की १९८७? इथे डायल मदतीला येते. सुरुवातीच्या डायलवर सहाच्या वर सेइकोच्या सुवा कारखान्याचं छोटं चिन्ह असे. ते असेल आणि अनुक्रमांक ७ ने सुरू होत असेल, तर १९७७ मानायला हरकत नाही. पण ३ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे १९८३ च्या झाकणावर सुवा डायल दिसली, तर दोन घड्याळांचं एक केलेलं आहे असं समजावं.

डायलवर ‘वॉटर १५० एम रेझिस्ट’ असतं. ‘प्रूफ’ हा शब्द या मॉडेलच्या आधीच्या पिढीचा; ६३०९ च्या डायलवर तो दिसला तर पुढे पाहायची गरज नाही. डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत क्रमांक असतो. त्याचे पहिले चार आकडे झाकणावरच्या मशीन क्रमांकाशी (मॉडेल क्रमांकाचे पहिले चार आकडे) जुळायला हवेत. दहापट भिंगाखाली नकली छपाईच्या अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसतात.

लुमची, म्हणजे डायल-काट्यांवरच्या चमकणाऱ्या रंगाची, परीक्षा अंधारातच होते. मूळ लुमचा जीव केव्हाच गेलेला असतो: अतिनील टॉर्च मारला की क्षणभर उजळतं आणि लगेच विझतं. तासभर हिरवंगार चमकत राहिलं तर ते नंतर भरलेलं आहे. डायल आणि काटे एकाच रंगाने पिवळटलेले असावेत. डायल मलईसारखी आणि काटे पांढरेशुभ्र, तर काटे बदललेले.

सर्वांत जास्त फसवणूक ६३०६-७००१ या भावंडाच्या नावावर होते. ते जपानच्या घरच्या बाजारासाठी होतं, २१ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे मशीनमधले घर्षण कमी करणारे खडे) आणि खरोखर कमी सापडणारं. साध्या ६३०९ मध्ये १७ ज्वेल. तपासणी अशी: आट्यांवर बसलेली चावी उलटी फिरवून सोडवा आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढा. ६३०६ चा सेकंद काटा जागेवर थांबतो, ६३०९ चा चालत राहतो. मात्र वेळ लावताना चावी उलट्या दिशेला हलकीच दाबून धरली की ६३०९ चा काटाही थांबतो, आणि विकणारा व्हिडिओत नेमकं हेच करतो. तेव्हा बोट पूर्ण काढायला सांगा. शिवाय ६३०६ च्या वाराच्या चकतीवर इंग्रजीसोबत जपानी अक्षरं असतात. चकती बदलता येते, म्हणून शेवटचा शब्द मशीनवर कोरलेल्या क्रमांकाचाच.

केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, पॉलिश झालंय का, हे वरच्या ब्रश केलेल्या भागाच्या आणि चकचकीत बाजूंच्या मधल्या कडेवरून कळतं. ती गोल झाली असेल तर धातू गेला. परत येत नाही. बेझल दोन्ही दिशांना फिरतं, ६० टिकटिकींचं.

आता रोजच्या वापराचं. साधारण ४५ मिलिमीटरची केस ऐकायला अवजड वाटते, पण उशीसारख्या आकारामुळे मनगटावर बसते. चावी चारच्या जागी असल्याने मनगटाला टोचत नाही. चावी फिरवून स्प्रिंग भरता येत नाही. थांबलेलं घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट डोलवावं, मगच वेळ लावावी. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला वीसएक सेकंदांचा फरक हा या मशीनसाठी चांगलाच निकाल आहे. रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यान तारीख-वार चावीने थेट बदलू नका, त्या वेळी बदलाचे दाते गुंतलेले असतात.

तक्रार करण्यासारख्या दोनच गोष्टी निघाल्या. पहिली पट्ट्याची. लग (पट्टा अडकवायचे केसचे कान) २२ मिलिमीटरचे आणि मूळ स्प्रिंग बार, म्हणजे पट्टा धरणारी दांडी, अडीच मिलिमीटर जाड. बाजारू बारीक बार टाकला तर पट्टा खुळखुळतो आणि एक दिवस सुटतो. दुसरी चावीच्या आट्यांची. चाळीस वर्षांच्या वापराने ते झिजतात. बंद करताना आधी उलटी फिरवून ‘टक’ लागू द्यावी आणि मगच सुलटी आवळावी, नाहीतर आटे तिरके चढतात. विकत घेताना चावी किमान दोन वेढे घट्ट बसते का, हे हातात घेऊनच पाहावं. फोटोत बंद चावी नेहमीच छान दिसते.

पाण्याचं म्हणाल, तर डायलवरचे १५० मीटर हे नव्या रबर रिंगांचे होते. चावी, झाकण आणि काच, तिन्हींच्या रिंगा बदलून दाबाची चाचणी झाल्याशिवाय बेसिनच्या नळाखालीही नेऊ नये. आत ओल शिरली तर पहिला बळी डायलचा, आणि मूळ डायल गेली की घड्याळाची निम्मी किंमत तिथेच संपते.