ब्रॉन्क्समधल्या दोन कामगार वसाहती: एकच दिवस असेल तर कुठली पाहाल?

मुलाकडे न्यू जर्सीला मुक्काम आहे, स्वातंत्र्यदेवी आणि टाइम्स स्क्वेअर उरकून झालंय, आणि न्यू यॉर्कमध्ये घालवायला एक दिवस हाताशी आहे. तुम्ही कधी हाउसिंग सोसायटीच्या कमिटीवर काम केलं असेल (म्हणजे मनस्ताप भोगला असेल), किंवा जुन्या इमारती बघायची खोड असेल, तर तो दिवस ब्रॉन्क्सला द्या. तिथे शिवणकाम कामगारांनी १९२०च्या दशकात उभारलेल्या दोन सहकारी वसाहती आहेत. एक ब्रॉन्क्स पार्कसमोरची युनायटेड वर्कर्स को-ऑपरेटिव्ह कॉलनी, जिला सगळे नुसतं ‘द कूप्स’ म्हणतात. दुसरी व्हॅन कॉर्टलंड पार्कच्या कडेची अमाल्गमेटेड हाउसेस. दोन्ही एका दिवसात होतील, पण दमछाक होईल. ब्रॉन्क्समधल्या मेट्रो मार्गिका उत्तर-दक्षिण धावतात, पूर्व-पश्चिम जायचं तर बसला पर्याय नाही. म्हणून निवड करावी लागते.

आधी दोघींचं सारखेपण. राहायला आलेले लोक बहुतेक पूर्व युरोपातून आलेले ज्यू, तयार कपड्यांच्या कारखान्यांत मशीनवर बसणारे. त्यांची आधीची घरं मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये होती. तिथल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटलेल्या, की मधल्या खोल्यांना उजेड मिळायचा तो अरुंद बोळकांडीवजा फटीतून. आपल्या चाळीत निदान गॅलरी तरी होती. त्यामुळे दोन्ही वसाहतींचा आराखडा म्हणजे त्या अंधारावर काढलेला उतारा आहे. प्लॉटच्या कडेने पाच मजली इमारती, मधोमध बाग. रस्त्यावरून थेट जिन्यात शिरता येत नाही, कमानीतून आधी बागेत यायचं आणि तिथून आपापल्या जिन्याकडे वळायचं. जिने अनेक, प्रत्येकावर घरं थोडी, त्यामुळे खोल्यांना दोन्हीकडून वारा. जवळजवळ निम्मी जमीन मोकळी सोडलेली, तीही अशा शहरात जिथे बिल्डर इंचभर सोडायला तयार नसत. वास्तुविशारदही एकच, स्प्रिंगस्टीन आणि गोल्डहॅमर यांची कंपनी. तिथेच काम करणारा हर्मन जेसर पुढे सहकारी घरांचा जवळजवळ अधिकृत वास्तुविशारद झाला.

डोळ्यांना काय आवडेल, एवढाच प्रश्न असेल तर विचार करू नका, कूप्सला जा. पहिला टप्पा १९२६-२७चा. उतरती छपरं, दगड-विटांची सरमिसळ, इंग्लंडमधल्या जुन्या गावातून उचलून आणल्यासारखा थाट. मजुरी करणाऱ्या माणसाला जमीनदाराच्या वाड्याचं रूपडं का हवं असावं? मला वाटतं, त्यात थोडी खोडीही होती: तुमच्या मालकांना शोभतं ते आम्हालाही शोभतं. दुसरा टप्पा १९२९पर्यंत पूर्ण झाला, तो जेसरचा, आणि तिथे वाडा मागे पडून वीटच बोलायला लागते. ती पुढे येते, आत जाते, कोपऱ्यावर वळते. दारांवरच्या कोरीवकामात कोयता-हातोडा आहे. इथले रहिवासी उघडपणे कम्युनिस्ट होते आणि ते त्यांनी दारावरच लिहून ठेवलं. शहराने १९९२मध्ये या वसाहतीला वारसा इमारतीचा दर्जा दिला. अमेरिकेत सरकारदरबारी जपलेला कोयता-हातोडा बघायला मिळणं हीसुद्धा गंमतच.

इथली सातशेहून जास्त घरं ही निव्वळ घरं नव्हती. तळघरात यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलभाषा), रशियन आणि इंग्रजी पुस्तकांनी भरलेलं वाचनालय, मुलांसाठी यिद्दिश शाळा, सहकारी दुकानं. याच मंडळींनी हडसन नदीकाठी बीकनला सुट्टीचं शिबिरही काढलं होतं. त्याचं नाव ‘नित्गेदायगेट’, म्हणजे ‘काळजी नको’. कृष्णवर्णीय कुटुंबांना शेजारी म्हणून बोलावणाऱ्या शहरातल्या सुरुवातीच्या वसाहतींत ही एक. १९३२मध्ये आसपासच्या इमारतींत भाडेसंप पेटले आणि भाडेकरूंचं सामान रस्त्यावर फेकलं जाऊ लागलं, तेव्हा पोलिसांपुढे उभी राहणारी गर्दी बरीचशी इथलीच होती.

आता अमाल्गमेटेड. दिसायला तीही नेटकी, त्याच इंग्रजी थाटाची, पण कूप्सइतकी थांबवून ठेवत नाही. नंतरच्या वर्षांत तिथे उंच मनोरेही आले, त्यामुळे जुनं-नवं एकत्र दिसतं. तिची खरी कारागिरी कागदावर आहे. ती उभी करणारा अब्राहम काझान हा कीव्हजवळ जन्मलेला, तरुणपणी अराज्यवादी विचारांत वाढलेला माणूस. सिडनी हिलमन यांच्या अमाल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स या शिवणकाम कामगारांच्या संघटनेचं पाठबळ त्याला मिळालं. १९२६मध्ये न्यू यॉर्क राज्याने एक कायदा केला होता: गृहसंस्थेने नफा ६ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही आणि भाडं ठरलेल्या मर्यादेत ठेवायचं, बदल्यात २० वर्षं इमारतींवरचा शहराचा कर माफ. काझानने तो कायदा बरोबर हेरला. त्याखाली उभी राहिलेली ही पहिली वसाहत. गहाणकर्ज मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचं. पहिली ३०३ घरं, १९२७च्या नोव्हेंबरात लोक राहायला आले.

पैशांचा हिशोब असा. अमाल्गमेटेडमध्ये खोलीमागे ५०० डॉलर भरायचे आणि महिन्याला खोलीमागे सरासरी ११ डॉलर. चार खोल्या म्हणजे २,००० डॉलर, शिलाई कामगाराला न पेलणारे. म्हणून संघटनेच्या बँकेतून कर्जाची सोय होती. कूप्समध्ये सुरुवातीची रक्कम खोलीमागे २५० डॉलर, म्हणजे निम्मीच. गरिबाला दार जास्त उघडं कुठे, तर कूप्समध्ये, यात शंका नाही. पण हाताशी भांडवल कमी आणि त्या करमाफीचा आधारही नाही, याचा अर्थ काय होतो हे आपल्याकडे सिंकिंग फंडात खडखडाट असलेल्या इमारतीतल्या माणसाला सांगायला नको.

मग मंदी आली. अमाल्गमेटेडमध्ये अडलेल्या कुटुंबांना उसनवारी मिळाली, हप्ते पुढे ढकलले गेले, दूध-किराण्याची एकत्र खरेदी चालू राहिली. कूप्समध्येही माणसांनी एकमेकांना धरून ठेवलं, कुणाला घराबाहेर काढायचं नाही हा तिथला दंडकच. पण कर्ज थकत गेलं. शेवटी कर्ज देणाऱ्यांची मागणी आली: खोलीमागे महिन्याला एक डॉलर वाढवा. सभासदांनी नकार दिला आणि १९४३मध्ये मालकी हातातून गेली. इमारती भाड्याच्या झाल्या, आजही भाड्याच्याच आहेत.

एका डॉलरपायी घर घालवणारे म्हणून त्यांना हसणं सोपं आहे. मेंटेनन्स शंभर रुपयांनी वाढवायचा ठराव आला की आपल्या सर्वसाधारण सभेत काय होतं ते आठवा, आणि इथल्या लोकांचा तर उभा जन्म भाडेवाढीविरुद्ध लढण्यात गेला होता. त्यांना समोर घरमालकच दिसला. या खेपेला घरमालक आपणच आहोत, हे गळी उतरणं अवघड होतं. अमाल्गमेटेडवाले त्यांच्याहून शहाणे होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे काझान होता आणि मागे एक मोठी संघटना होती. शिवाय हिशोबाच्या वहीकडे ते धर्मग्रंथासारखं बघत नव्हते, आणि शत्रूसारखंही नाही.

अमाल्गमेटेड अजून सहकारी आहे, आता सुमारे दीड हजार घरांची. घर सोडताना बाजारभाव मिळत नाही, भरलेली भागाची रक्कम परत मिळते आणि घर प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कुटुंबाकडे जातं. मुंबई-पुण्यात फ्लॅट म्हणजे मुलांच्या शिक्षणाची आणि म्हातारपणाची पुंजी समजणाऱ्या आपल्या पिढीला हे पचत नाही. मलाही पूर्ण पचलेलं नाही. पण पुनर्विकासाच्या चर्चेत अडकलेल्या कमिटीवाल्याने ही वसाहत बघावी ती याचसाठी.

तेव्हा वास्तुकलेचे विद्यार्थी, फोटो काढणारे, डाव्या चळवळीच्या इतिहासात रस असलेले यांनी कूप्स. २ नंबरच्या मेट्रोने अ‍ॅलर्टन अ‍ॅव्हेन्यूला उतरून पार्कच्या दिशेने चालायचं. बरोबर कंटाळणारी नातवंडं असतील तरी कूप्सच, कारण समोर ब्रॉन्क्स पार्क आहे आणि पार्कातच बोटॅनिकल गार्डन आणि प्राणिसंग्रहालय. सोसायटी चालवलेल्या, चालवणाऱ्या आणि चालवून वैतागलेल्या लोकांनी अमाल्गमेटेड. ४ नंबरने मोशोलू पार्कवेला उतरायचं, पुढे बरीच पायपीट आहे, गुडघ्यांचा विचार करून निघा. दोन्हीकडे माणसं राहतात. आतल्या बागा त्यांच्या आहेत, रस्त्यावरून आणि कमानीतून दिसेल तेवढं बघावं. कुणी दारात उभं असेल तर हसून बोलावं.

ब्रॉन्क्स लांबच वाटत असेल तर मॅनहॅटनमध्येच ग्रँड स्ट्रीटवर अमाल्गमेटेड ड्वेलिंग्ज आहे, याच संघटनेची आणि याच वास्तुविशारदांची १९३०ची धाकटी बहीण. तिची प्रवेशाची कमान बघण्यासारखी आहे. मात्र तिथल्या सभासदांनी मर्यादित परताव्याचा, म्हणजे घर सोडताना भरलेली रक्कमच परत घ्यायचा, नियम पुढे सोडून दिला आणि घरं बाजारात विकायला मोकळी झाली. कमानीखाली उभं राहून तिथल्या दोन खोल्यांचा आजचा भाव फोनवर शोधून बघा.